चतुर्मुखचा वाढपी

"चौथा का झोपलाय?" देवस्थळी साहेबांनी मशीनच्या दारावर टकटक करत विचारलं.

मशीन म्हणजे आमचा त्या काळातला कॉम्प्युटर, चतुर्मुख. लोखंडी कपाटासारखं, माझ्या खांद्याला लागेल एवढं उंच, आणि पोटात एकाच्या जागी चार प्रोसेसर. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांमध्ये एक पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही ते जुळवलं. समोरच्या दारावर हिरव्या दिव्यांच्या चार उभ्या पट्ट्या होत्या, एकेका प्रोसेसरची एक. प्रोसेसर जेवढा कामात, तेवढी त्याची पट्टी वर चढायची. त्या शनिवारी सकाळी तीन पट्ट्या वर चढलेल्या आणि चौथी काळीठिक्कर.

"झोपला नाही, साहेब," मी म्हटलं. "त्याचा आज उपास आहे."

साहेब हसले. माझ्या बोलण्याला तिथं सगळेच हसायचे. मला थापा मारायची खोड लहानपणापासूनची. सासूबाईंना मी सांगितलं होतं की आमची मशीनची खोली इतकी थंड असते, की तिथं विरजण लावलं तर दही दिवाळीला लागतं. वॉचमन शिंदेमामांना सांगितलं होतं की मशीन रात्री एकटं असलं की चारही तोंडं आपसात भांडतात, म्हणून कान देऊ नका. बिचारे दाराजवळची खुर्ची उचलून फाटकाशी नेऊन बसले. त्यामुळं मी तोंड उघडलं, की समोरच्याचं हसू आधीच तयार असायचं.

पण साहेबांचं हसू लवकर आटोपलं. ते नफीसाकडे वळले. "मुकादम मॅडम, मी तुम्हाला विचारतोय."

नफीसा मशीनसमोर स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तोंडात बडीशेप. ती काम करायची ती अशीच. तासन् तास त्या पट्ट्यांकडे बघत बसायची, मग उठून चार ओळी लिहायची आणि पुन्हा येऊन बसायची. आम्ही बाकीचे दिवसभर कीबोर्ड बडवायचो आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं खोडायचो.

"आत्ता काम थोडं आहे, साहेब," ती म्हणाली. "तिघांत भागतंय. चौथा मोकळा ठेवलाय. एकदम गर्दी झाली की लागेल."

"सोमवारी बँकेचे चेअरमन येणार. चार बैलांचं औत म्हणून विकायचं आणि त्यांना एक बैल बसलेला दाखवायचा?"

"बसलेला नाही. राखलेला."

"मला ते काही माहीत नाही. मला चारही पट्ट्या वर हव्यात."

"गर्दी नसताना?"

"गर्दी असो, नसो."

नफीसानं बडीशेप चावली. "मग ते मशीन नाही, साहेब. दिवाळीची माळ झाली."

साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. नफीसाला त्या आठवड्यात साहेबांशी असं बोलणं परवडणारं नव्हतं.

ती तिथं कायम नव्हती. दर सहा महिन्यांनी तिची नेमणूक नव्यानं व्हायची. मी तिच्या मागून आले आणि कायम झाले. ती तशीच लोंबकळत राहिली. चिपळूणच्या पलीकडे खाडीकाठी तिचं घर. अब्बांनी तिला शिकवलं हौसेनं, पण आता त्यांचा जीव राहत नव्हता. त्यांनी निरोप धाडला होता: ईदपर्यंत कायम झालीस तर खुशाल राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालीस तर घरी ये, स्थळं थांबून राहत नाहीत. आणि साहेबांनी तिला चारचौघांत शब्द दिला होता, की चतुर्मुख विकलं गेलं की पहिली तुमची नेमणूक कायम. ईद दोन आठवड्यांवर होती. म्हणजे सोमवारवर सगळं होतं.

जेवायला आम्ही दोघी शेडमागच्या कडुनिंबाखाली बसायचो. मी म्हटलं, "दोन दिवस लाव की दिवे. चेअरमन गेले की काढून टाक. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय ते तुला माहितेय," नफीसा म्हणाली.

मला माहीत होतं. तिचं जे काम होतं त्याला आम्ही वाढपी म्हणायचो. मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला तो भाग, जो ठरवतो की कुठलं काम कुठल्या प्रोसेसरकडे जायचं. नाव मीच ठेवलं होतं. चार प्रोसेसर म्हणजे चार पंगती, आणि बँकेचा एकेक कारकून पडद्यावर बटण दाबतो ते एकेक काम म्हणजे पाहुणा. दारात आलेल्या पाहुण्याला कुठल्या पंगतीत बसवायचं, कुणाला कधी वाढायचं, एकानं किती वेळ अडवून बसायचं, हे बघणारा तो वाढपी. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यानं सरळ ज्या पंगतीत जागा तिथं माणूस ढकलला असता. नफीसानं तसं केलं नाही. ती म्हणायची, "अर्धं जेवलेल्या माणसाला उठवून पलीकडे बसवायचं, तर त्याचं ताट, वाट्या, पाण्याचा तांब्या सगळं उचलून न्यावं लागतं. आमटी सांडते. त्यापेक्षा दोन मिनिटं थांबेल, पण आपल्या पानावर जेवेल." म्हणून तिचा वाढपी कामाला शक्यतो त्याच्या जुन्याच प्रोसेसरकडे ठेवायचा, कारण त्या कामाचं सगळं सामान तिथंच मांडलेलं असायचं. आणि अगदीच एका पंगतीत रेटारेटी झाली, तरच एखाद्याला उचलून पलीकडे न्यायचा. एवढं सगळं तो डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचा. त्यात एखादी पंगत कधी कधी रिकामी दिसायची. ते दिसणं हा तिच्या कामाचा भाग होता.

"दिवा लावायचा म्हणजे पाहुण्यांना उगाच इकडून तिकडे नाचवायचं," नफीसा म्हणाली. "तशानं चारही पट्ट्या वर जातील आणि जेवण कुणाचंच होणार नाही."

"चेअरमनला काय कळणार आहे?"

"त्यांच्या बँकेत रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला कळेल."

मी तिच्या डब्यातली सुकटीची चटणी घेतली. "अब्बांना काय सांगशील मग?"

तिनं डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "वैजू, मला ना, एकदा बघायचाय तो खऱ्या माणसांसमोर चालताना. आपण बनवलेल्या खोट्या कामांवर नाही. शंभर कारकून, शंभर गिऱ्हाइकं, आणि वाढपी धावतोय."

दुपारी मी आत आले तर हेमंत निंबकर नफीसाच्या स्टुलावर बसला होता. हेमंत आमच्यातला सगळ्यात चटपटीत. साहेबांच्या मनात काय आहे ते साहेबांच्या आधी त्याला कळायचं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. पाहुणा बोलावतोय."

त्यानं एक खोटं काम लिहिलं होतं. काहीच न करणारं. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. असे चार पाहुणे त्यानं चार पंगतींत बसवून दिले. जेवायचं नाही, उठायचंही नाही, फक्त पान अडवून बसायचं. चारही पट्ट्या टोकापर्यंत चढल्या. साहेब बाहेर येऊन बघून गेले आणि त्यांनी हेमंतच्या पाठीवर थाप मारली.

मी तडक नफीसाला सांगितलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि रणकंदन होईल. ती आली, हेमंतचं लिहिलेलं सगळं वाचलं, आणि हात मांडीवर ठेवून पट्ट्यांकडे बघत बसली. शेड रिकामी व्हायला आली तरी बसलेलीच.

"साहेबांशी बोलणार?" मी विचारलं.

"नाही."

"हेमंतशी?"

"त्यानं भूत आणून साध्या पाहुण्यासारखं बसवलंय. वाढपी त्याला खरा पाहुणा समजतो, त्याच्यासाठी पान राखतो, आणि खऱ्याला दारात उभं करतो. सोमवारी बँकेचे कारकून येऊन बसतील आणि मशीन रडेल." ती उठली. "पट्ट्या लागू देत. पण भुताला कळलं पाहिजे की आपण भूत आहोत. खरा पाहुणा दिसला की त्यानं उठायचं."

तिनं मोजक्या ओळी लिहिल्या. आता हेमंतचं भूत पंगतीत बसायचं, पट्टी वर राहायची, पण खरं काम दारात आलं की भूत पान सोडून उठायचं. ते उठताना पट्टी अगदी जराशी लवायची, बघणाऱ्याला जाणवणारही नाही इतकी. म्हणजे साहेबांचं खोटंही राहिलं आणि तिचा वाढपीही वाचला. हेमंतनं ते सोमवारी सकाळी पाहिलं. म्हणाला, "थँक्यू हां, मॅडम." आणि जाऊन साहेबांना सांगितलं की सगळं त्यानं बसवलंय.

सोमवारी चेअरमन आप्पासाहेब आले. पांढरं धोतर, काळा कोट. बँकेच्या आधी त्यांनी साखर कारखाना चालवला होता. बरोबर बँकेचे कारकून आणले होते, त्यांना पडद्यांसमोर बसवलं. साहेबांनी मला आप्पासाहेबांच्या जवळ उभं केलं. पाहुण्यांशी बोलायला मीच लागायचे.

"एवढं गरगर फिरतं, थकत नाही का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"थकतं की. महिन्यातून दोन एकादश्या पाळतं. त्या दिवशी फक्त बेरजा करतं, वजाबाकी वर्ज्य."

आप्पासाहेब खो खो हसले. "ही बाई झकास आहे, देवस्थळी."

कारकुनांनी बटणं दाबायला सुरुवात केली. खाती उघड, बंद कर, व्याज काढ. एकाही पडद्याला थांबावं लागलं नाही. चारही पट्ट्या वर, आणि मधूनच एखादी किंचित लवून पुन्हा ताठ व्हायची. ते लवणं फक्त मी आणि नफीसा बघत होतो. ती तिच्या स्टुलावर बसलेली, हात मांडीवर, आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू पोटच्या पोराला पहिल्यांदा सायकल चालवताना बघतेय. मला तिला चिमटा काढावासा वाटला.

"चारही बैल जोरात आहेत," आप्पासाहेब खूश होऊन म्हणाले. मग त्यांची नजर फिरली. हेमंत या पडद्याकडून त्या पडद्याकडे धावत होता, साहेब घाम पुसत होते, मी बडबडत होते. आप्पासाहेबांची नजर स्टुलावर थांबली. "आणि या बाई? या काय करतात?"

साहेबांनी बोलायला हवं होतं. ते हेमंतकडे बघायला लागले.

"कारखान्यात मी एकच गोष्ट बघायचो," आप्पासाहेब म्हणाले. "हात रिकामा कुणाचा आहे."

मग मी बोलले. "आप्पासाहेब, हे सगळं यांचं आहे. कुठलं काम कुणाकडे जायचं, कुणी थांबायचं, कुणी उठायचं, हे मशीनला यांनी शिकवलंय. आम्ही बाकीचे नुसते भोवती नाचतोय. या बाई इथून गेल्या तर वर्षाच्या आत तुम्ही हे कपाट परत पाठवाल."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. "म्हणजे एकादशीला याच फराळ वाढत असतील."

साहेब हसले. हेमंत हसला. पडद्यांसमोरचे कारकूनही मागं वळून हसले.

"मी खरं सांगतेय," मी म्हटलं.

त्यावर तर जास्तच हसले. साहेब म्हणाले, "वैजयंतीबाई आमच्या अशाच आहेत, आप्पासाहेब. यांच्यामुळं शेडमध्ये करमणूक असते." आणि त्यांनी आप्पासाहेबांना चहाला नेलं. गाडीत बसताना आप्पासाहेब त्यांना म्हणाले, तेही मी ऐकलं: "मशीन घेतो. पण देवस्थळी, माणसं जरा जास्त झालीत तुमच्याकडं."

संध्याकाळी नफीसाला केबिनमध्ये बोलावलं. ती लगेच बाहेर आली. टेबलाच्या खणातून तिनं बडीशेपेचा डबा काढला, स्वेटर काढला, पर्समध्ये भरला.

"काय म्हणाले?"

"वाढपी तयार झाला म्हणाले. आता तो नुसता चालवायचाय, ते हेमंत बघेल. पुढची नेमणूक काढायची गरज नाही."

"आणि शब्द दिला होता तो?"

"मी काढला नाही तो विषय. त्यांनीही काढला नाही." तिनं पर्सची चेन लावली. "वैजू, पण चालला ना गं? किती छान चालला."

मंगळवारी सकाळी मी पदर खोचून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर मनातल्या मनात मी त्यांना धू धू धुतलं होतं, पण समोर उभी राहिले आणि तोंडून एवढंच आलं, "साहेब, नफीसाला काढत असाल तर मीपण चालले."

मला वाटलं, ते हसतील. मग मी चिडेन, आरडाओरडा करीन, शेवटी ते नमतील. त्यांची माझ्यावाचून पाहुण्यांपुढं पंचाईत व्हायची.

साहेब हसले नाहीत. "नक्की?"

"नक्की."

"मग लिहून द्या." त्यांनी कागद पुढं सरकवला, वर पेन ठेवलं.

एवढी वर्षं या माणसानं माझं एक वाक्य खरं मानलं नव्हतं. पहिल्यांदा मानलं ते हे. मी लिहून दिलं. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं, ते त्यांनी तीन ठिकाणी मला नीट गिरवायला लावलं.

तिथून मी रिक्षानं एसटी स्टँडवर गेले. नफीसाची गाडी दुपारची होती. ती एका बाकावर ट्रंकेवर पाय ठेवून बसली होती. मला बघून सरकली आणि जागा दिली.

"अब्बांना मी सांगणार आहे की मीच सोडली," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलं म्हणून आले, असं. त्यांना बरं वाटेल. काढून टाकलं म्हटलं तर गावभर तोंड लपवत फिरतील."

"हं."

"आणि ऐक. हेमंत ते भुतानं उठायचं आहे ना, ते काढून टाकणार बघ. पट्टी लवते, साहेबांना ते आवडणार नाही. तू काढू देऊ नकोस. बाकी काही केलं तरी चालेल, पण तेवढं राख. तेवढं गेलं, तर बँकेत नुसती भुतं जेवतील." तिनं माझा हात धरला. "तू आहेस तिथं, म्हणून मला जाताना काही वाटत नाहीये. खरंच सांगते."

"नफीसा, मी सकाळी राजीनामा दिला."

तिनं हात सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिली. गाडी लागली, कंडक्टरनं रत्नागिरी, चिपळूण करत हाळी दिली, लोक टोपल्या घेऊन धावले.

"थट्टा करतेयस," ती म्हणाली.

"नाही."

"कशाला दिलास? तुला वाटलं, मला बरं वाटेल?" तिचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "एक जण आत राहिली असती तर ते जगलं असतं, वैजू. आता तिथं कोण आहे? हेमंत?" मग तिनं माझा दंड धरून हलवला, लहान मुलाला हलवतात तसा. "सांग, थट्टा करतेयस. तू नेहमी करतेस. एकदा सांग."

कंडक्टरनं घंटी मारली.

"अगं थट्टा करतेय," मी म्हटलं. "राजीनामा देऊन खाऊ काय? सासूबाई मला त्या दह्यासारखी दिवाळीपर्यंत बाहेर ठेवतील."

नफीसा हसली. डोळ्यांतून पाणी आलं इतकी हसली, म्हणाली, "हरामखोर आहेस," आणि ट्रंक उचलून गाडीत चढली. खिडकीतून हात बाहेर काढून ती वळणापर्यंत हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातपूरला गेले. म्हटलं, पाया पडू, राजीनामा परत घेऊ, पण नफीसाला मारलेली थाप खरी करून घेऊ. शिंदेमामांनी मला फाटकातच अडवलं. आत निरोप घेऊन गेले आणि परत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब म्हणतात, त्यांनी तुमचं बोलणं एकदा खरं मानलं, आता परत हसायला त्यांना वेळ नाही." आतून हेमंतच्या मेहुण्याचा आवाज येत होता. माझ्या जागेवर त्याला घेतलं होतं.

हेमंतनं भुताचं उठणं काढून टाकलं. आठवड्याच्या आत. पट्ट्या एकदम ताठ झाल्या म्हणे. मशीन बँकेत गेलं आणि पहिल्याच पगाराच्या तारखेला रांगा रस्त्यावर आल्या. कारकून बटण दाबून चहा पिऊन यायचे तरी पडदा हलायचा नाही. आप्पासाहेब मशीनसमोर उभे राहून म्हणायचे, चारही तर जोरात आहेत. साहेब म्हणायचे, कारकून हळू आहेत. वर्ष भरायच्या आत कपाट परत आलं आणि भंगारात गेलं. देवस्थळी साहेबांनी नंतर दुसरा काही धंदा काढला आणि पुढं पुण्याला मुलाच्या बंगल्यात राहायला गेले. मी त्यांना तिथं गुलाबांच्या कुंड्यांना पाणी घालताना पाहिलंय. हे बनवून सांगत नाही.

मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. नफीसाचं लग्न झालं, नवरा आखातात, ती चिपळूणला हायस्कुलात गणित शिकवू लागली. दर ईदला मी फोन करायचे. सगळी विचारपूस झाली की ती हळूच विचारायची, "आपला वाढपी काय म्हणतो?" आणि मी सुरू व्हायचे. म्हणायचे, अगं, परवा पेन्शनचा दिवस, दारात एवढी झुंबड, पण एका म्हातारीला म्हणून थांबावं लागलं नाही. म्हणायचे, हेमंतनं हात लावायला बघितला तर मी त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. म्हणायचे, त्यांनी दुसरं मशीन आणलं तेव्हा वाढपी तसाच्या तसा उचलून त्यात बसवला. मशीनं बदलली, पण जेवणं चालूच. ती ऐकत राहायची. फोनवर बडीशेप चावल्याचा आवाज यायचा.

तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मी चिपळूणला गेले. आम्हा दोघींचे केस पांढरे झाले होते. दुपारी अंगणात मांडवाच्या कडेला अब्बा खुर्चीवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. नफीसानं मला त्यांच्याजवळ नेलं.

"अब्बा, ही वैजू. नाशिकची."

"ती मशीनवाली?" अब्बांनी चष्मा वर केला. "बस, बेटी, बस. मला एक सांग. ही म्हणते, हिनं जे केलं होतं ते अजून चालू आहे. ही म्हणते मशीन गेलं तरी ते चालतं. मला काही कळत नाही. खरं आहे?"

मी नफीसाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या बघण्यात प्रश्न नव्हता. कुणी सांगितलं, कधी कळलं, कोण जाणे. पण तिला सगळं माहीत होतं, आणि माझ्या फोनची ती तरीही दर ईदला वाट बघत होती.

"खरं आहे, अब्बा," मी म्हटलं. "अजून चालतंय. बँकेत रोज हजारो माणसं येतात. कुणाला ताटकळावं लागत नाही. सगळं हिनं बसवलं तसंच. एक ओळ कुणी बदलली नाही."

अब्बा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले.

"मी मनाशी म्हणायचो," ते म्हणाले, "साधीसुधी नोकरी असेल. म्हणून तर एका हाकेला सोडून आली. मोठं काम असतं तर भांडली असती माझ्याशी." मग नफीसाकडे वळले. "एवढं मोठं होतं, बेटा, आणि तू माझ्या एका शब्दावर सोडून आलीस?"

मला वाटलं, आता ती सांगेल. काढलं होतं अब्बा, तुमचा काही दोष नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं खरं सांगितलं असतं, तर इतकी वर्षं मी फोनवर सांगितलेलं सगळं तिला खोटं पाडावं लागलं असतं.

"हो, अब्बा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. चष्मा परत लावला नाही. "मग चूक माझी," म्हणाले. "फार मोठी चूक केली मी." मग माझ्याकडे वळले. रागानं नाही. "तू तर तिथंच होतीस, बेटी. मैत्रीण होतीस. तू तरी सांगायचं होतंस ना, की ही गेली तर किती नुकसान आहे."

मांडवात कुणीतरी नफीसाला हाक मारली, पण ती जागची हलली नाही.

"चुकलं, अब्बा," मी म्हटलं. "मी तेव्हा हसण्यावारी नेलं."